पांदणीच्या तोंडावर पडलेली मोटारसायकल: जागेवर काय तपासलं आणि काय राहून गेलं

पार्श्वभूमी

प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचं आहे. माणसांची आणि गावाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. गाडी २०१६ ची, १०० सीसीची, कार्बोरेटरवाली. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, तारांची रिम, पुढे लेगगार्ड. विमा फक्त थर्ड पार्टीचा. चालक चाळिशीतले शेतकरी. गाडीचा रोजचा वापर म्हणजे घर ते शेत, आठवड्यातून एकदा तालुक्याचा बाजार आणि हंगामात खतबियाणं आणणं.

भाद्रपदातली संध्याकाळ, दुपारी पाऊस होऊन गेलेला. मागच्या सीटवर आणि कॅरिअरवर मिळून युरियाची ४५ किलोची एक बॅग दोरीने बांधलेली. डांबरी रस्ता सोडून उजवीकडे पांदणीत उतरताना गाडी पडली. तिथून गाव ३ किलोमीटर आणि तालुका ११ किलोमीटर.

गाडी का पडली

वेग १०-१५ किलोमीटरच्या वर नव्हता, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. डांबराच्या कडेला चारेक इंच खाली उतार आहे आणि खाली ओली काळी माती. बॅग मागच्या चाकाच्याही मागे सरकलेली होती, त्यामुळे पुढचं चाक हलकं झालेलं. हँडल उजवीकडे वळलेलं असतानाच पुढचा ब्रेक दाबला गेला. चाक जागीच अडकलं, डावीकडे सरकलं आणि गाडी उजव्या अंगावर बसली.

कमी वेगाच्या पडण्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. वेगात पडलेली गाडी घासत जाते. थांबता थांबता पडलेली गाडी आपटते. शंभर-सव्वाशे किलो वजन आणि वरचा बोजा हँडलचं टोक, फुटरेस्ट आणि लेगगार्ड अशा दोन-तीन जागांवर एकदम येतो. म्हणून अशा पडण्यात रंग फारसा जात नाही, पण लिव्हर, पायडल, फुटरेस्टची पट्टी वाकते आणि पुढचे शॉकअप टीमध्ये (त्यांना वर धरून ठेवणाऱ्या पकडीत) फिरतात. या गाडीवरही ओरखडे नावालाच होते. "काही झालं नाही" असं सगळ्यांना वाटलं ते त्यामुळेच.

समोर असलेले पर्याय

फोन केल्यावर पंधरा मिनिटांत पुतण्या त्याची गाडी घेऊन आला. शेजारच्या शेतातले एक गृहस्थ बंडी (बैलगाडी) जुंपून गावाकडे निघालेच होते. अंधार पडायला तासभर होता आणि आभाळ पुन्हा भरत होतं. चार वाटा होत्या:

- किक मारायची, बॅग आहे तशी ठेवायची आणि सरळ निघायचं. पुतण्याचं मत हेच होतं.
- गाडी तपासायची, बॅग बंडीत टाकायची आणि रिकामी गाडी हळूहळू गावापर्यंत न्यायची.
- गाडी शेजारच्या शेतातल्या कोठ्यात (गोठ्यात) रात्रभर ठेवायची, सकाळी मिस्त्रीला तिथेच आणायचं.
- मालवाहू ऑटो बोलावून तालुक्याला न्यायची. याचं भाडं दुरुस्तीपेक्षा जास्त झालं असतं, म्हणून ही वाट लगेच बाद झाली.

"काका, एक किक मारून पाह्यतो," असं पुतण्या म्हणाला तेव्हा बंडीवाल्या गृहस्थांनी त्याला थांबवलं: "काहून घाई करतं? आधी पेट्रोलचा कॉक बंद कर. मंग त्याइचं मनगट पाह्य." संपूर्ण प्रकरणात सगळ्यात चांगला निर्णय हा. चालकाचं उजवं मनगट खरचटलं होतं, पण मुठीची पकड शाबूत होती. ते दहा मिनिटं बसून राहिले. हात थरथरत असताना ब्रेक किती दाबला जातो याचा अंदाज येत नाही, त्यामुळे हे बसणं तपासणीचाच भाग आहे. दुसरी वाट ठरली.

जागेवरची तपासणी

गाडी उजव्या अंगावर होती, म्हणजे साईड स्टँड वरच्या बाजूला आलेला. उचलण्याआधीच तो उघडून घेतला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. यामुळे उभी करताना ती पलीकडे पडत नाही आणि पुढेही पळत नाही. स्टँडखाली सपाट दगड ठेवला, कारण ओल्या काळ्या मातीत साईड स्टँड पाच मिनिटांत रुतून गाडी दुसऱ्या अंगावर पडते.

कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल ठिबकत होतं. आडवी गाडी असताना पेट्रोल अडवणारा फ्लोट काम करत नाही, त्यामुळे हे होतंच. गाडी उभी करून कॉक बंद ठेवल्यावर ते थांबलं. थांबलं नसतं, तर गाडी चालू करायची नव्हती. बाटलीतल्या पाण्याने उजव्या क्लच कव्हरवरचा चिखल धुतला, फडक्याने पुसलं आणि तीन-चार मिनिटांनी परत पाहिलं. चिखलावर तेल दिसत नाही, पुसलेल्या कव्हरवर ताजा ओघळ लगेच दिसतो. कव्हर कोरडं होतं. त्यानंतर ऑईलची पट्टी काढून, पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पाहिली. पातळी दोन खुणांच्या मध्ये होती. या इंजिनात तेल लिटरभराच्या आतच असतं, म्हणून थोडी गळतीही लवकर महागात पडते.

ॲक्सिलेटरची तपासणी इथे फार चांगली झाली. चावी बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मध्ये आणि पूर्ण उजवीकडे असं तीन जागी नेऊन दर वेळी मूठ फिरवून सोडून दिली. डावीकडे आणि मध्ये ती टक् करून परत आली. उजवीकडे मात्र सावकाश, अडखळत परतली. कारण जवळून पाहिल्यावर कळलं: हँडलचं टोक जमिनीवर बसल्याने रबरी मूठ आत ढकलली गेली होती, स्विचच्या डब्याला घासत होती आणि मधल्या फटीत चिखल शिरला होता. मूठ तीन-चार मिलिमीटर बाहेर ओढली, फट धुतली, पुन्हा तिन्ही जागी पाहिलं. आता ती सगळीकडे झटकन परत येत होती. ही तपासणी न करता किक मारली असती आणि गाडी गिअरमध्ये टाकली असती, तर वळताना ॲक्सिलेटर अडकून गाडी सरळ नालीत गेली असती.

हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना वायर किंवा केबल कुठे ताणत नाही ना, हेही पाहिलं. चाक सरळ धरलं की हँडल दोन बोटं तिरपं दिसत होतं. फिरताना मात्र कुठे खटका किंवा अडथळा नव्हता, तारा तुटलेल्या नव्हत्या. उजवा आरसा फुटला, लेगगार्ड थोडा मागे आला होता पण पायाला किंवा पायडलला लागत नव्हता.

पुढच्या ब्रेकचा लिव्हर टोकाकडे वाकला होता. पुतण्याने लोखंडी पाईप घालून तो जागेवरच सरळ केला. इथे पहिली चूक झाली. हे लिव्हर ॲल्युमिनियमचे ओतीव असतात. एकदा वाकून परत सरळ केलेला लिव्हर वरून बरा दिसतो, पण वाकलेल्या जागी आत भेग पडलेली असू शकते. वाकडा लिव्हर मुठीला न लागता पूर्ण दाबला जात असेल, तर तो वाकडाच ठेवून गावापर्यंत जावं. तसा तो जास्त भरवशाचा.

मागच्या ब्रेकचं पायडल आत, इंजिनच्या बाजूला दबलं होतं. पुतण्याने पाय ठेवून दाबून पाहिलं, ब्रेक लागला आणि तपासणी तिथेच संपली. ब्रेक लागतो का, एवढंच पाहिलं. सुटतो का, हे पाहिलं नाही. त्यासाठी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवावं लागतं. चिखलात मेन स्टँड लावता येत नव्हता आणि ढकलताना गाडी जड जात होती, ते मडगार्डमध्ये अडकलेल्या मातीमुळे असेल असं सगळ्यांनी धरलं. काठीने माती काढल्यावरही गाडी जडच होती. ही खूण समोर असून कोणाच्या ध्यानात आली नाही.

तीन किलोमीटर

बॅग बंडीत गेली. चोक बंद ठेवून, ॲक्सिलेटर पूर्ण उघडून तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. पेट्रोल जास्त गेलेलं इंजिन असंच चालू करावं लागतं, फक्त ते पकडताक्षणी मूठ सोडायची तयारी हवी. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालक पुढे आणि पुतण्या त्याच्या गाडीवर मागे असे निघाले.

दीडेक किलोमीटर गेल्यावर पुतण्याने ओरडून सांगितलं, "काका, ब्रेकवरचा पाय काढा ना!" पुढून उत्तर आलं, "माहा पाय ब्रेकवर नाईच!" मागचा लाल दिवा निघाल्यापासून पेटलेला होता. उजेडात तो लक्षात आला नव्हता, अंधारायला लागल्यावर दिसला.

गाडी थांबवून मागच्या हबजवळ बोटांची मागची बाजू नेली, तर लांबूनच झळ लागली. पायडल वाकून आत दबल्याने ते पूर्ण वर येत नव्हतं. ब्रेक शू ड्रमला सतत घासत होते आणि पायडलला जोडलेला स्विच दिवा पेटवून ठेवत होता. पाणी ओतायचा विचार आला होता, तो बरं झालं सोडून दिला. तापलेल्या हबवर एकदम थंड पाणी पडलं तर ड्रम वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतो. वीस मिनिटं थांबले. पुतण्याने कांब घालून पायडल बाहेर काढायची तयारी केली होती, पण कांबेला टेकायला जागा होती ती फक्त क्लच कव्हरवर. ॲल्युमिनियमच्या त्या कव्हरवर जोर दिला असता तर शंभर रुपयांच्या कामाचं हजाराचं झालं असतं. त्याऐवजी मागच्या ब्रेकच्या सळईचा नट पाच-सहा आटे ढिला केला. चाक मोकळं झालं आणि दिवा नसला विझला तरी गाडी आपसूक ढळू लागली.

यातून दुसरा प्रश्न उभा राहिला. मागचा ब्रेक आता जवळपास नव्हता आणि पुढचा ब्रेक सरळ केलेल्या लिव्हरवर होता. उरलेलं अंतर पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने कापलं. वाटेत उतार असता तर गाडी ढकलतच नेणं योग्य ठरलं असतं.

मिस्त्रीकडे

दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्त्रीने पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल झटका देऊन सरळ केलं, पायडल ठोकून थोडं बाहेर काढलं आणि ब्रेक कसून दिला. लिव्हर "चालते" म्हणून तसाच राहिला. गुडघ्यात धरून हँडल सरळ करणं ही खेड्यातली जुनी पद्धत. तिने हँडल दिसायला सरळ होतं, पण टीचे बोल्ट, मडगार्डचे बोल्ट आणि चाकाची आस घट्टच असल्यामुळे शॉकअपमधला पीळ आतच राहतो. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तो परत वर येतो. झालंही तसंच. दोन दिवसांत हँडल पुन्हा तिरपं झालं.

चौथ्या दिवशी बाजारात, गर्दीत गाडी उभी करताना पुढचा लिव्हर मुडपल्या जागीच तुटला. वेग नव्हता म्हणून कोणाला लागलं नाही. त्यानंतर गाडी तालुक्याच्या मिस्त्रीकडे गेली आणि काम मुळापासून झालं.

पायडल आसेतून काढून पकडीत धरून सरळ केलं, वाकलेली जागा घासून भेग नाही याची खात्री केली. आस गंजलेली होती, ती साफ करून ग्रीस लावलं. ताणून सैल झालेली रिटर्न स्प्रिंग बदलली. पायडलची मोकळी चाल २५ मिलिमीटरच्या आसपास ठेवली (२० ते ३० चालते) आणि त्यानंतरच दिव्याचा स्विच जुळवला. क्रम उलटा केला तर दिवा पुन्हा चुकतो. मागचं चाक खोलल्यावर शूचे लायनर चकचकीत झालेले दिसले. ते सँडपेपरने खरखरीत केले, ड्रमही आतून हलका घासला. जाडी पुरेशी असल्याने शू बदलावे लागले नाहीत.

पुढच्या भागाला जास्त वेळ लागला. मिस्त्रीने गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा दिला, पुढचं चाक अधांतरी केलं. हँडल एका बोटाने फिरवून मध्यभागी ते अडकतं का पाहिलं. अडकलं असतं तर कोनसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) वाट्यांना खड्डे पडले असं समजायचं. शॉकअपची खालची टोकं धरून मागे-पुढे ओढली, खट आवाज नाही. दोन्ही नळ्यांना लोखंडी पट्टी उभी लावून वाक पाहिला, तो नव्हता. सीलवर तेलाचं कडं नव्हतं. म्हणजे नळ्या शाबूत, फक्त टीमध्ये फिरलेल्या. मग आसेचा नट, मडगार्डचे बोल्ट, खालच्या टीचे आणि वरचे बोल्ट असे सगळे ढिले करून हँडल चाकाशी काटकोनात आणलं. कसताना आधी खालच्या टीचे, मग वरचे. नंतर गाडी जमिनीवर घेऊन शॉकअप पाच-सहा वेळा जोरात दाबले, म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी बसतात. शेवटी आस आणि मडगार्ड. आस अगोदर कसली तर पीळ तसाच अडकून बसतो.

रिमजवळ पेन्सिल धरून चाक फिरवलं. आउट, म्हणजे रिमची डगडग, दोन मिलिमीटरच्या आत होता. स्क्रूड्रायव्हरने तारांवर टिचक्या मारल्या, दोन तारा बद्द वाजल्या, त्या अर्धा-अर्धा आटा कसल्या. नवीन लिव्हर बसवून पुढच्या ब्रेकची मोकळी चाल १० ते २० मिलिमीटरमध्ये आणली.

परिणाम

लिव्हर, आरसा, स्प्रिंग आणि मजुरी धरून खर्च हजाराच्या आत राहिला. गावातल्या पहिल्या दुरुस्तीचे पैसे त्यात धरलेले नाहीत, ते वाया गेले. विम्याचा प्रश्नच नव्हता, कारण थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान धरत नाहीत. फुल विमा असता तरी एवढ्या रकमेसाठी क्लेम करणं परवडलं नसतं. प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो, जो पहिल्याच वर्षानंतर २० टक्के असतो.

काय वेगळं करता आलं असतं

जागेवरच्या तपासणीत पेट्रोल, तेल आणि ॲक्सिलेटर यांचा क्रम बरोबर होता. राहिलं ते मागचं चाक. चिखल होता हे खरं, पण डांबरी रस्ता दहा पावलांवर होता. गाडी तिथे ढकलून मेन स्टँडवर घेतली असती, तर चाक मोकळं फिरत नाही हे दोन मिनिटांत कळलं असतं. मेन स्टँडशिवायही एक उपाय होता: चावी चालू करून मागे जाऊन लाल दिवा पाहायचा, मग पायडल दाबून सोडायचं. दिवा विझला नाही तर ब्रेक सुटलेला नाही, असं धरूनच चालायचं.

लिव्हर सरळ करण्याऐवजी सुटा लिव्हर सीटखाली ठेवणं शक्य असतं. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू, १० चा पाना आणि स्क्रूड्रायव्हर एवढ्यात बदलते. दूरच्या शेतावर जाणाऱ्याने क्लचचा आणि ब्रेकचा असे दोन्ही लिव्हर ठेवावेत, असं आमचं ठाम मत आहे.

कोठ्यात गाडी ठेवण्याची तिसरी वाटही कमी लेखण्यासारखी नव्हती. ब्रेकचा दोष तेव्हाच सापडला असता, तर तीच निवडणं शहाणपणाचं होतं. पुतण्याच्या गाडीवर डबल सीट घरी जाता आलं असतं.

पुतण्याची गाडी २०२१ ची आहे. तिच्याबाबतीत हेच घडलं तर दोन गोष्टी बदलतात. अशा बऱ्याच इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाड्यांत गाडी आडवी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. उभी करून चावी बंद-चालू केल्याशिवाय ती चालू होत नाही आणि लोक उगाच किक मारत बसतात. दुसरं म्हणजे, एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक आले, त्यात मागचं पायडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. तिथे पायडल वाकून अडकलं तर दोन्ही चाकं घासतात, म्हणून उभी केल्यावर पुढचं चाकही उचलून हाताने फिरवून पाहायला हवं.